वकिलांची परात

आमच्या वकिलांकडे सल्ल्याला जायचं तर आधी हात धुवावे लागत. ओटीच्या पायरीशी पाण्याने भरलेलं पितळी घंगाळ आणि शेजारी खुंटीला पंचा. हात पुसून आत गेलं की वकील सतरंजीकडे बोट दाखवत, आणि सतरंजीच्या मधोमध मोड आलेल्या वालांची परात असे. "सोलता सोलता सांगा," ते म्हणत. "रिकाम्या हातांनी माणूस फार सजवून बोलतो."

तुम्ही मुलांनी माझ्या हातचं बिरडं खाल्लेलं आहे, पण वाल सोललेले नाहीत, म्हणून सांगते. वाल रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी उपसून फडक्यात बांधून ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. साल हातात राहते, डाळिंबी सुटते. काम सोपं, पण संपता संपत नाही. एका घरापुरते वाल सोलायला एका माणसाचा अख्खा तास जातो. आमच्या वकिलांकडे पक्षकार हाच वेळ द्यायला येत.

धाकट्या, परवा फोनवर तू तुझ्या वकिलाबद्दल कुरकुरत होतास. तो पत्रांना उत्तर देत नाही, भेटला तर घड्याळाकडे बघतो, आणि तुझी फाइल त्याने उघडलेलीसुद्धा नाही असा तुला संशय आहे. मला हसू आलं ते त्यावर नाही. आमच्या वकिलांनी आमची फाइल उघडली नव्हती याबद्दल मला संशय नव्हता, खात्री होती. तेव्हापासून ते माझ्या डोक्यात घोळताहेत. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांची नातवंडं ठाण्यात आहेत आणि त्यांतला एक वकील आहे. तो म्हणे फार व्यवस्थित आहे.

एकोणीसशे पन्नासनंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांतली गोष्ट. माझे वडील अचानक गेले. आम्ही ठाण्यात, तळ्यापासून थोडं आत, एका कौलारू घराच्या अर्ध्या भागात भाड्याने राहत होतो: दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे परसू आणि विहीर. आई, मी आणि माझी धाकटी बहीण, तुमची मावशीआजी. मी बी.ए. होऊन मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले होते. बहीण मॅट्रिकच्या वर्गात होती. वडिलांना जाऊन वर्ष व्हायच्या आत घरमालकांचा दावा आला. भाडेकरू वारले, आता घर आम्हाला आमच्यासाठी हवं आहे, खाली करा.

घर गेलं असतं तर आम्हाला एकच जागा होती, डोंबिवलीला मामाकडे. मामाचं बिऱ्हाड म्हणजे एक खोली आणि एक पडवी, आणि त्यात त्याची स्वतःची पाच मुलं. तो म्हणाला असता, या. मामी काही म्हणाली नसती. आईला त्या न म्हणण्याचीच भीती वाटत होती.

घरमालक मूळचे कोलशेतकडचे, खाडीकाठच्या मिठागरांची पिढीजात वहिवाट असलेले. ठाण्यातलं हे घर त्यांच्या आजोबांनी बांधलेलं. वडील असताना आमचं त्यांच्याशी काही वाकडं नव्हतं. दावा घरमालकांच्या नावाने होता, पण घरात शब्द चालायचा तो त्यांच्या म्हाताऱ्या आईचा. सगळं गाव तिला मोठी आय म्हणायचं. वडील गेल्यावर ती भेटायला आली, दारातच थोडा वेळ बसली, आणि त्यानंतर तिने आमच्याकडे बघणंच सोडलं. का, ते आम्हाला कळत नव्हतं.

मामाने हे वकील सुचवले, कारण ते वडिलांच्या ओळखीचे होते. पहिल्या भेटीला मी तयारी करून गेले. नवा भाडेकायदा मी स्वतः वाचला होता. वडिलांच्या बरोबर राहणाऱ्या कुटुंबाला घराबाहेर काढता येत नाही, असा त्याचा अर्थ मला तरी स्पष्ट लागत होता. मी इंग्रजीत तीन पानांचं टिपण केलं, मुद्द्यांना आकडे घातले, महत्त्वाच्या ओळींखाली तांबडी रेघ मारली.

त्यांनी ते टिपण दोन्ही हातांनी घेतलं, कागद चांगला जाड आहे म्हणाले, आणि परातीशेजारी सालं टाकायला पसरलं. मी एकेक मुद्दा सांगत होते आणि माझ्याच तांबड्या रेघांवर माझ्याच हातांनी सालं टाकत होते.

"कायदा तुमच्या बाजूचा आहे," ते डोळे मिटून म्हणाले. "तो काही कुठे जात नाही. मला हे सांगा, त्यांच्या विहिरीचं पाणी कसं आहे? वालाला गोडं पाणी लागतं."

ते स्वतः कधी सोलत नसत. आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसत, धोतरावर कोर्टाचा काळा कोट, आणि गळ्यातली पांढरी पट्टी खिशात. त्या पट्टीने ते चष्मा पुसत, आणि कोर्टात जाताना तीच गळ्यात घालत, त्यामुळे तिच्यावर सुपारीचा बारीक भुगा असे. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, भांडणं राहत. त्यामुळे ते पक्षकारांना भांडणाच्या नावाने हाक मारत. बाळकुमचे एक शेतकरी होते, ते 'बांध'. एक शाळामास्तर होते, ते 'विहीर'. "या विहीर, बसा. अहो बांध, जरा सरका." आम्ही 'दोन खोल्या'. मी त्यातली 'थोरली खोली'. आईला मात्र ते वहिनी म्हणत. पक्षकारांचं एकमेकांत बरं जमत असे. विहीर आणि बांध यांनी तर पुढे सोयरीक केली.

वाल नसले तर चिंचा फोडायला असत, चिंचा नसल्या तर लसूण. त्यांच्या बायको मधून मधून येऊन भरलेलं पातेलं घेऊन जात आणि कुणाकडेही न बघता म्हणत, "ह्यात सालं राहिलीत." एखादा सराफ किंवा डॉक्टरसुद्धा मुकाट्याने पातेलं परत घेई.

आमच्या दाव्यातला एकच भाग त्यांनी वाचला, चतुःसीमा. म्हणजे मिळकतीच्या पूर्वेला काय, पश्चिमेला काय, तो मजकूर. तो ते प्रत्येक दाव्यातला वाचत, म्हणे. बाकीचं सगळं माणसं खोटं लिहितात, दिशा खऱ्या लिहितात. मग एका संध्याकाळी न सांगता छत्री घेऊन आमच्याकडे आले. ओटीवर बसले नाहीत, चहा घेतला नाही. घराला बाहेरून एक फेरी मारली. विहिरीचं पाणी ओंजळीने प्यायले आणि मान हलवली. परसाच्या टोकाला, कुंपणाच्या आत, एक शेंदूर लावलेला दगड होता. घरमालकांचा जुना देव. तो त्यांनी थोडा वेळ पाहिला. तिथून बाहेरच्या गल्लीत जायला एक छोटं फाटक होतं, त्याची लोखंडी कडी त्यांनी खालीवर करून पाहिली.

"ही कधी लावली?"

आईने सांगितलं, हे गेल्यानंतर. घरात तीन बायका. तेव्हा फाटक नुसतं दोरीने बांधून ठेवत असू, आणि संध्याकाळी कुणीतरी ते धरून हलवायचं. आधी एकदा वाटलं वारा असेल, मग पुन्हा झालं, मग पुन्हा. घर सोडावं म्हणून मालकांची माणसं घाबरवतात, अशी आईची खात्री झाली होती. कडी लावल्यावरही काही दिवस फाटक हललं, मग थांबलं. आणि त्यानंतर दावा आला.

"रोज हलायचं?"

"रोज नाही. अधूनमधून."

 वकिलांनी कढीलिंबाच्या दोन डहाळ्या तोडून घेतल्या, खिशात घातल्या आणि ते गेले. आई म्हणाली, हा माणूस घर बघायला आला होता की बाजाराला.  पण तेव्हापासून मी त्यांच्याकडे जरा निराळ्या नजरेने बघू लागले, हेही खरं. एखाद्या विद्यार्थिनीचा पेपर चुकीचा आहे हे दिसत असतं, पण चूक नक्की कुठल्या ओळीत सुरू झाली ते सापडत नाही, तसं काहीतरी.

मग ती तारीख आली, जिला ते आलेच नाहीत.

मी शाळेतून रजा घेऊन कोर्टात बसले होते. आमचा पुकारा झाला. घरमालकांचे वकील उभे राहिले. आमच्या बाजूला कुणी नव्हतं. न्यायाधीशांनी विचारलं, तुमचे वकील कुठे आहेत. मला माहीत नव्हतं, आणि तसं सांगायची लाज वाटली. मी उभी राहिले आणि इंग्रजीत मुदत मागितली. वाक्यं नीट आली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, ही शेवटची. पुढच्या तारखेला तुमच्याकडून कुणी हजर नसेल तर एकतर्फी निकाल होईल.

वकील कुठे होते ते दुसऱ्या दिवशी कळलं. कोपरला. तिथल्या खाडीत निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, चांगल्या मिळतात आणि एका मित्राने निरोप धाडला होता. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. हात धुतले नाहीत, बसले नाही. तुम्ही आमचं घर घालवणार होतात, असं सरळ म्हटलं.

"मुदत मिळाली ना?"

"मी मागितली म्हणून मिळाली."

"मग बरोबर आहे. मी असतो तर तुम्हाला कोण बोलू देणार होतं?" ते म्हणाले, आणि निवट्या कशा धुवाव्या लागतात ते सांगू लागले.

आईने त्या रात्री जेवण टाकलं. एरवी ती कधी रागवत नसे, म्हणून तिचा राग घरात ठेवायला जागा नव्हती. वकील बदलायचा, असं ठरलं. दुसरे एक वकील मी पाहून ठेवले होते, स्वच्छ टेबल, टेबलावर टाचण्यांची डबी, बघूनच धीर आला. त्यांनी सांगितलं, आधीच्या वकिलांकडून कागद आणि त्यांची संमती घेऊन या. मी पुन्हा आमच्या वकिलांच्या तळ्याकाठच्या घरी गेले आणि कागद मागितले. आमच्या वकिलांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. "रविवारी सकाळी या. वहिनींना घेऊन या. कागद त्यांच्या हातात देईन."

रविवारी आम्ही गेलो. आईने जाताना बजावलं होतं, आज आपण वाल सोलायचे नाहीत. सतरंजीवर त्या दिवशी नेहमीची परात नव्हती. लग्नाकार्याला काढतात तसली मोठी परात होती आणि ती काठोकाठ भरलेली होती. आम्ही भिंतीला टेकून उभ्या राहिलो. वकील कागद शोधायला आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. शेवटी आई बसली. बसल्यावर हात परातीकडे गेले. बायकांच्या हातांना सवय असते.

ओटीवर घंगाळातलं पाणी वाजलं आणि मोठी आय आत आली. लुगड्याचा कासोटा, हातात रुपेरी गोट, पायाला चिखल. आम्हाला पाहून ती उंबऱ्यातच थांबली. वकील आतून आले, हात रिकामे. "या मिठागर," ते म्हणाले. "बसा."

आई उठायला लागली. तिचा आवाज मी पूर्वी तसा ऐकला नव्हता. "तुम्ही ह्यांचेही वकील आहात?"

"मिठागराचा ह्यांचा. घराचा तुमचा," वकील म्हणाले, जणू भाजीच्या दोन टोपल्या वेगळ्या केल्या. "मला आत जरा काम आहे. वाल तेवढे होऊ द्या." आणि ते खरंच आत गेले.

धाकट्या, असं कुणी वकील तुझ्याशी वागला तर त्याच्याविरुद्ध तक्रार कर. त्याच क्षणी मीही मनात तेच ठरवत होते, तक्रार कुणाकडे करायची असते याचा विचार करत होते. एवढ्यात मोठी आय परातीच्या पलीकडे बसली. आल्या पावली परत जाणं तिला कमीपणाचं वाटलं असावं. आईलाही तसंच वाटलं. दोघी एकमेकींकडे न बघता सोलू लागल्या.  मोठी आय भराभर सोलत होती, दोन्ही हातांनी, एकावेळी दोन दाणे. आईने ते पाहिलं आणि आपला वेग वाढवला. मी मधल्या मध्ये बसले होते, आणि मला वाटतं, दोघींपैकी कुणालाही मागे पडायचं नव्हतं.

शेवटी मोठी आयच बोलली. परातीकडे बघत.

"तुजा नवरा होता तवा कडी नव्हती."

आई थांबली. "फाटकाला?"

"मंग काय. चार पिढ्या झाल्या, दर मंगलवारी दिवा लावतो आमी. तो होता तवा फाटक उघडं ठेवायचा, दगडावर पानी घालून ठेवायचा. तो गेला नि तू कडी घातलीस. माजे देवाला माजेच घरात कोंडलास."

आईचा हात परातीतच राहिला. मी तिच्याकडे पाहिलं. आम्हाला दगड माहीत होता, शेंदूर दिसत होता, पण दिवा कोण लावतं, केव्हा लावतं, हे आम्हा मायलेकींच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. संध्याकाळी परसात वडील असत. फाटक, विहीर, झाडांना पाणी हे त्यांचं राज्य. त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नसेल.

"आम्हाला वाटलं, कुणीतरी घाबरवायला फाटक हलवतंय," आई म्हणाली.

"मीच हालवत होते. दुसरं कोन येनार?"

"मग हाक का नाही मारलीत?"

म्हातारीने पहिल्यांदाच मान वर केली. "माजे देवाकडं जावाला मी हाक मारू? कोनाला?"

 माझ्या तीन पानांच्या टिपणात हा मुद्दा नव्हता.  आईने हात पुढे केला आणि म्हातारीच्या समोरची सालं उचलून आपल्या ढिगात टाकली, एवढंच. मग हळूच म्हणाली, "पोरी घरात असतात हो. अंधार पडलेला असतो. मी एकटी." मोठी आय म्हणाली, "मी पन एकटीच. चालीस वर्सं झाली." पुढे त्या कशाबद्दल बोलल्या ते आता आठवत नाही. बहुधा वालाच्या सालांचं खत कशाला चांगलं, यावर. परात रिकामी झाली तेव्हा वकील बाहेर आले, पातेल्यात डोकावले आणि म्हणाले, "ह्यात सालं राहिलेली नाहीत."

आमचे कागद त्यांनी दिले नाहीत. सापडत नाहीत म्हणाले.

मग त्यांनी आपला बेत सांगितला. पुढच्या तारखेला कुणीच जायचं नाही. वादी नाही, प्रतिवादी नाही, तर कोर्ट दावा काढून टाकतं. मी म्हटलं, तडजोड लिहून का नाही द्यायची, कोर्टासमोर, सह्यांनिशी? ते आरामखुर्चीत टेकले.

"काय लिहू? मोठ्या आयने मंगळवारी दिवा लावावा? उद्या ती बुधवारी आली तर थोरली खोली कोर्टात येणार?"

मोठी आय म्हणाली, पोराला मी सांगते. पण दावा पोराच्या नावाने होता आणि पोरगा त्या सकाळी तिथे नव्हता. तो कोर्टात गेला आणि आम्ही गेलो नाही, तर न्यायाधीशांनी सांगितलंच होतं काय होईल ते. घर जाईल, आणि तेही आम्ही आपण होऊन गैरहजर राहिलो म्हणून. आई म्हणाली, शब्द दिलाय तिने. मी म्हणाले, तिने दिलाय. त्याने नाही. 

तारखेला मी गेले. आईला शाळेत जाते म्हणून सांगितलं. आत जायचं नाही, एवढंच ठरवलं होतं, बाहेरून बघायचं. स्टँपवाल्याच्या टपरीच्या आडोशाला मी उभी राहिले. तिथून कोर्टाची पायरी दिसत होती आणि पुकारा ऐकू येत होता. थोड्या वेळाने लक्षात आलं की आवारातल्या पाण्याच्या पंपाच्या मागे आणखी कुणीतरी असंच अंग चोरून उभं आहे. आमचे घरमालक. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, तळहातावर तंबाखू. त्यांनीही मला पाहिलं. लपून राहण्यात आता काही अर्थ नव्हता. ते चालत आले.

"बाई, तुमी आत जाताय?"

"तुम्ही?"

"आयनं शपथ घातलीय. कोरटाची पायरी चढलास तर मना आय म्हनू नको. आमचे वकिलाला पन येऊ नको सांगितलाय." त्यांनी तंबाखू मळली. "पन तुमी आत गेलाव, तं मना जावाच लागल."

"मीही तेवढ्यासाठीच आलेय. तुम्ही गेलात तर मला जावं लागेल."

त्यांनी विचार केला. "मंग दोगं हितंच उभं ऱ्हाऊ."

म्हणून आम्ही उभे राहिलो, वादी आणि प्रतिवादीची मुलगी, टपरीच्या सावलीत, हातभर अंतर ठेवून. पट्टेवाल्याने दारात येऊन पुकारा केला. त्यांचं नाव, मग आईचं. आम्ही हललो नाही. दुसरा पुकारा झाला. मी त्यांच्या पायांकडे बघत होते आणि ते माझ्या. त्याच वेळी समोरून आमचे वकील आले, दुसऱ्या कुठल्यातरी कामाला निघालेले, काखेत शेवग्याच्या शेंगांची जुडी. आम्हा दोघांना त्यांनी शेजारी शेजारी पाहिलं. ओळख दाखवली नाही, चालण्याचा वेग बदलला नाही. तिसरा पुकारा झाला. तंबाखू मळणारा अंगठा थांबला. मग पट्टेवाल्याने दुसरंच कुणाचंतरी नाव घेतलं.

"झाला?" घरमालकांनी विचारलं.

"बहुतेक."

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली, थोडं चालले आणि वळून म्हणाले, "तुमचे सैपाकघरावरची कौलं परताला झालीत. मानूस धाडतो."

ती कडी पुढच्या मंगळवारच्या आत आईने स्वतः काढली. मोठी आय येत राहिली. तिचे गुडघे गेल्यावर दिवा आई लावू लागली, आणि त्याबद्दल दोघींत काही बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही. आई शेवटपर्यंत त्याच घरात राहिली. तुमची आई लहानपणी ज्या विहिरीत वाकून बघायची आणि ओरडा खायची, ती तीच विहीर.

आता वकिलांबद्दल. ते चांगले वकील होते, असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्याच वर्षी ते विहिरीच्या तारखेलाही गेले नाहीत, आणि मास्तर दावा हरले. त्या हरण्याला कुठला देव नव्हता आणि कुठली कडी नव्हती. नुसताच हलगर्जीपणा होता. मास्तर पुन्हा त्यांच्या ओटीवर चढले नाहीत. तळ्याकाठी मला भेटले की विचारत, तुमचं घर राहिलं ना, आणि मी मान डोलावून पुढे सटकत असे. म्हणूनच मला इतकी वर्षं एका गोष्टीचं कुतूहल होतं. त्या रविवारी आम्ही आणि मोठी आय एकाच वेळी तिथे आलो, ते त्यांनी घडवून आणलं होतं, की दोन पक्षकारांना एकच वेळ देऊन ते नेहमीसारखे विसरले होते? त्यांनी ती कडी खालीवर करून पाहिली होती, हे मला आठवतं. कोपरच्या निवट्याही आठवतात. दोन्ही करणारा माणूस एकच.

त्यांना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी माझ्यापुढे काहीतरी सोलायला ठेवलं असतं. ते गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांच्या बायको मला बाजारात भेटल्या, वाल घेत होत्या. मी म्हटलं, तुम्हाला तो रविवार आठवतो का, ती मोठी परात? त्यांना आठवत होता. मी विचारलं, त्यांना ठाऊक होतं का, आम्ही सगळ्या एकदम येणार ते?

"ते मला कुठं काय सांगत असत," त्या म्हणाल्या. "पण शुक्रवारी म्हणाले, वाल दुप्पट भिजव. मी म्हटलं, एवढे कोण येणारेत? तर म्हणाले, बघू. कोणी आलं नाही, तर आपण खाऊ."